पाच वर्षांचं व्हिनाइल एका उन्हाळ्यात का आकसतं?

शहाद्याच्या एका तरुण व्यावसायिकाचा प्रश्न थोडक्यात असा: नवीन इको-सॉल्व्हंट शाईचं छपाई मशीन टाकलं आहे. नंदुरबारच्या एका मिरची-मसालावाल्याच्या पिकअपला जानेवारीत व्हिनाइल, म्हणजे मागे गोंद असलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, छापून लावलं. रोलच्या खोक्यावर ‘५ वर्षे’ असं लिहिलेलं होतं. मे संपेपर्यंत ते कडांनी आत सरकलं, कडेला काळी रेघ दिसायला लागली, बॉडीच्या खाचांत फुगे आले आणि लाल रंग विटला. डीलर म्हणतो, लावणाऱ्याची चूक. आता दुकानाच्या बोर्डांसाठी आणि गाड्यांसाठी कोणतं व्हिनाइल घ्यावं? महागातलं घेतलं तर हे थांबेल का?

भाऊ, डीलर अर्धंच खरं सांगतोय. तुमच्या गाडीवर तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्यात आणि तिन्हींचं कारण एक नाही. महाग माल घेतला असता तर त्यातली एक नक्की टळली असती, दुसरी कदाचित टळली असती, तिसरी अजिबात नाही.

आधी त्या काळ्या रेघेकडे बघू. गाडीजवळ जाऊन कडेवरून बोट फिरवा. व्हिनाइलची कड सपाट चिकटलेली आहे, पण तिच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरची चिकट पट्टी उघडी पडली आहे आणि तिच्यावर धूळ बसली आहे, असं असेल तर माल उचलला गेलेला नाही, आकसला आहे. गोंद जागेवर राहिला, वरचा थर आत सरकला. यात लावणाऱ्याचा दोष नाही. याउलट कड वर वळली असेल, नखाखाली येत असेल आणि गोंदासकट सुटत असेल, तर शाई पुरती न वाळता लॅमिनेशन (छपाईवरचा पारदर्शक थर) झालं किंवा बॉडी नीट पुसली नव्हती असं समजा. आणि ओढल्यावर मागून गाडीचा रंगच पापुद्र्यासारखा निघाला, तर व्हिनाइल आणि तुम्ही दोघं निर्दोष. दोष त्या रंगाचा. डीलरकडे तक्रार घेऊन जाताना यातलं नेमकं काय झालंय ते फोटोसह दाखवा. कडेचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मग तो ‘लावणाऱ्याची चूक’ एवढ्या सहज म्हणत नाही.

आकसण्याचं कारण व्हिनाइल कसं बनतं यात आहे. बाजारात जे स्वस्त आणि मध्यम किमतीचं व्हिनाइल मिळतं ते कॅलेंडर्ड पद्धतीचं. गरम, मऊ पीव्हीसी तापलेल्या रोलरांमधून दाबत, ओढत पातळ करत नेतात आणि तसंच थंड करतात. ओढून ताणलेला तो ताण आत तसाच राहतो. उष्णता मिळाली की माल परत मूळ मापाकडे जायला बघतो, आणि ज्या दिशेने रोल गुंडाळलेला असतो त्या दिशेने जास्त. म्हणून पिकअपच्या बाजूच्या लांब पट्ट्यात पुढची आणि मागची कड आधी उघडी पडते, वरची-खालची नंतर. तुमच्या फोटोत हेच दिसेल.

दुसरी पद्धत कास्ट. यात पीव्हीसी द्रावणात विरघळवून, पातळ करून कागदावर पसरतात आणि भट्टीतून वाळवत नेतात. ओढाताण कुठेच नाही, म्हणून आत ताणही जवळजवळ नाही. लावताना ज्या आकाराला बसवाल तिथे ते बसून राहतं.

कॅलेंडर्डमध्येही दोन जाती. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर घालतात. मोनोमेरिक मालात हा प्लास्टिसायझर लहान रेणूंचा असतो. तो उन्हात हळूहळू बाहेर पडतो, गोंदात उतरतो. मग गोंद लिबलिबीत होतो आणि वरचा थर कडक, ठिसूळ. पॉलिमेरिक मालात लांब साखळीचा प्लास्टिसायझर असतो, तो जागा लवकर सोडत नाही. आकसतं तेही, पण बरंच कमी. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला मिळालं ते मोनोमेरिक. किंमत आठवून बघा, पटेल.

गिऱ्हाईक मात्र दुकानात येऊन कोपरा दोन बोटांत धरतं आणि विचारतं, ‘जाड शे ना भाऊ?’ जाडीवर जाऊ नका, आणि गिऱ्हाइकालाही जाऊ देऊ नका. मोनोमेरिक साधारण ८० ते १०० मायक्रॉन असतं, पॉलिमेरिक ७०-८० च्या आसपास आणि सगळ्यात महागडं कास्ट ५० मायक्रॉनच्या आसपास. पातळ आहे म्हणूनच ते रिव्हेटवर, खाचेत, बंपरच्या गोलाईवर बसतं. जाड माल खाचेवर तंबूसारखा ताणून राहतो आणि पहिल्या उन्हात सुटतो. तुमचे खाचेतले फुगे हेच आहेत. लावताना हीट गनने गरम करून तुम्ही ते आत दाबलं, त्या दिवशी छान दिसलं, एप्रिलमध्ये गाडी तापली आणि माल परत सरळ झाला.

आता खोक्यावरचं ‘५ वर्षे’. हा आकडा खोटाच असतो असं नाही, पण तो कशासाठी आहे ते खोक्यावर लिहीत नाहीत. बहुतेक कंपन्यांचा असा आकडा कोऱ्या, न छापलेल्या व्हिनाइलसाठी असतो. उभ्या पृष्ठभागासाठी असतो. आणि मध्य युरोपसारख्या सौम्य हवेसाठी असतो. थ्रीएम, एव्हरी डेनिसन, ओराफोल या कंपन्यांच्या माहितीपत्रकात हवामानाचे विभाग पाडलेले असतात आणि उष्ण विभागात वर्षं कमी होतात. आडव्या पृष्ठभागावर, म्हणजे बोनेट आणि टपावर, ती आणखी घटतात. निम्मी धरून चाललं तरी चालेल. छापील मालाचं आयुष्य शाई आणि लॅमिनेशन मिळून ठरतं, त्याचा तक्ता वेगळा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा गडद पत्रा सहज ६५-७० अंशांवर असतो, हात ठेवता येत नाही. तिथे युरोपातली पाच वर्षं कुठून येणार?

म्हणून खोकं वाचू नका, माहितीपत्रक मागा. त्यात मितीस्थिरतेची, म्हणजे माल आपलं माप किती राखतो याची, एक ओळ असते, तिच्यासमोर बहुतेकदा ‘फिनॅट टीएम १४’ असं लिहिलेलं असतं. या चाचणीत व्हिनाइल धातूच्या पत्र्यावर चिकटवून ७० अंशांवर ४८ तास ठेवतात आणि किती मिलिमीटर आकसलं ते मोजतात. म्हणजे आपल्याकडचं मे महिन्यातलं बोनेटच. तिथे ०.१ असेल तर माल कास्टच्या जवळपासचा, ०.४ असेल तर साधा. माहितीपत्रकच नसेल, लॉट नंबर नसेल, नुसतं ‘इम्पोर्टेड’ असेल, तर तो माल कशासाठी चालतो ते खाली सांगतो. गाडीला तो चालत नाही एवढं नक्की.

आणि कागदावरही विश्वास नसेल तर घरची चाचणी आहे. एसीपीचा (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या बोर्डाचा) फूटभर तुकडा घ्या, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, त्याच्यावर नवीन रोलमधला चौकोन चिकटवा, एक दिवस राहू द्या. मग ब्लेडने मधोमध अधिकच्या चिन्हासारखे दोन छेद द्या, पार पत्र्यापर्यंत. रोलची दिशा मार्करने बाजूला लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर उन्हात तिरपा करून ठेवून द्या. आठ-दहा दिवसांनी छेदाकडे बघा. रोलच्या दिशेला आडव्या असलेल्या छेदाची फट उघडलेली दिसेल. चांगल्या मालात केसाएवढी, वाईट मालात नख जाईल एवढी. तीन-चार ब्रँडचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की डीलरशी वाद घालायची गरज उरत नाही. मी तर तो एसीपी दुकानात टांगून ठेवायला सांगतो. गिऱ्हाइकाला भावातला फरक समजावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मग कशाला काय? कामाचा आकार आणि मुदत बघायची.

सपाट एसीपी किंवा सनबोर्डवरचा (फोमच्या हलक्या शीटवरचा) दुकानाचा बोर्ड, सावलीत किंवा उत्तरेकडे तोंड, तर चांगलं मोनोमेरिक पुरतं. तोच बोर्ड दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात असेल तर पॉलिमेरिक घ्या. सपाट बाजूंचा बंद कंटेनर, केळीच्या गाड्यांचे एफआरपीचे (फायबरचे) रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे डबे, ज्यांना बाजूला खाच नाही, रिव्हेट नाही, त्यांना पॉलिमेरिक उत्तम. कास्टचे पैसे तिथे गिऱ्हाइकाकडून घेणं मला पटत नाही. पिकअप, छोटा हत्ती, स्कूल व्हॅन, बस, जिथे दाबलेले खाचे आणि रिव्हेट आहेत, तिथे कास्ट. थ्रीएमचं आयजे १८०, ओराजेट ३९५१ ही त्या वर्गातली परिचित नावं. भाव मोनोमेरिकच्या कित्येक पट असतो, म्हणून गिऱ्हाईक दचकतं. त्याला मधला मार्ग द्या: खाचांच्या भागात डिझाइन नेऊच नका. दाराच्या आणि बॉडीच्या सपाट पट्ट्यात पॉलिमेरिकची लहान ग्राफिक बसवा, बाकी गाडीचा मूळ रंग राहू द्या. निम्म्या खर्चात गाडी दुप्पट टिकते, आणि खरं सांगू, दिसतेही चांगली. इंच-इंच भरलेल्या गाडीवरचा फोन नंबर कुणालाच वाचता येत नाही.

स्वस्त मालाला नावं ठेवायचं कारण नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतला स्टॉल, निवडणुकीचा प्रचाररथ, दिवाळीची ऑफर, लग्नाच्या हॉलचं स्वागत: इथे महिनाभराच्या वर काही राहायचं नसतं. तिथे कास्ट लावणं म्हणजे पैसे उडवणं. उलट अशा कामाला सहज निघणाऱ्या, रिमूव्हेबल गोंदाचं मोनोमेरिक घ्या आणि वेळेवर काढून टाका. गडबड होते ती प्रचाररथाचं व्हिनाइल दोन उन्हाळे तसंच राहतं तेव्हा. मग ते चिप्ससारखं तुकड्या-तुकड्यांनी निघतं, गोंद बॉडीवर राहतो, आणि काढायची मजुरी लावायच्या मजुरीपेक्षा वर जाते.

आणि भिंत? सिमेंटच्या भिंतीवर, डिस्टेंपरवर व्हिनाइल धरत नाही. रंगाची पावडरच गोंदाला लागून निघते. गावाकडच्या भिंतीला अजूनही पेंटर बोलवा. त्याचा ऑइल पेंट तुमच्या-माझ्या मशीनपेक्षा जास्त वर्षं दिसतो, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

गोंदाचंही दोन शब्दांत. सॉल्व्हंट ॲक्रिलिक गोंद पाणी आणि उष्णता जास्त सोसतो, पाण्यावर आधारित इमल्शन गोंद स्वस्त असतो. गाडीला पहिला. हवा बाहेर पडायला बारीक नाल्या असलेला गोंदही येतो, नवख्या हाताला तो वरदान आहे. फक्त त्याच्यावर साबणपाणी मारून ओलं पेस्टिंग करू नका, त्या नाल्यांत पाणी अडकतं. बोर्डांसाठी करड्या गोंदाचं, म्हणजे मागचं न दिसू देणारं व्हिनाइल ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली तेव्हा किती जणांनी जुन्या इंग्रजी पाटीवर साधं पांढरं व्हिनाइल मारून घेतलं. दुपारच्या उन्हात खालची इंग्रजी अक्षरं भुतासारखी वर दिसतात. करडा गोंद असता तर दिसली नसती. ग्लो साइनला, म्हणजे आतून उजळणाऱ्या पाटीला, मात्र हे चालणार नाही. तिथे प्रकाश आरपार जाणारं, ट्रान्सल्युसंट व्हिनाइल लागतं, नाहीतर आत एलईडी लावून बाहेर काळे डाग दिसतात.

ज्याला चिकटवायचं ते काय आहे, हेही बघा. पॉलिप्रॉपिलीनला गोंद धरत नाही, हे जळगावच्या चटईवाल्यांना सांगायला नको. गाडीचे न रंगवलेले काळे बंपर, प्लास्टिकच्या टाक्या, काही क्रेट त्याच जातीचे असतात. पॉलिकार्बोनेट शीट नवीन असताना उष्णतेत वायू सोडते आणि व्हिनाइलखाली बारीक-बारीक फुगे येतात. ताजा रंगही तसाच. बॉडीवाल्याने रंगवून संध्याकाळी गाडी दिली आणि मालकाला उद्या मुहूर्ताला हवी असली, तरी हवेवर वाळवलेल्या रंगाला किमान आठवडाभर द्या. लाकडी-लोखंडी ट्रक बॉडीवरचा जुना इनॅमल तळहाताने चोळून बघा; हाताला पांढरी पावडर लागली तर त्याच्यावर काहीही टिकणार नाही. सोपी खूण: चांगली चिकटपट्टी दाबून लावा, झटक्यात ओढा. रंग आला तर काम घेऊ नका, किंवा गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या.

पुसण्याबद्दल मी जरा कडक आहे. आधी साबणपाणी, मग कोरडं, मग आयपीए आणि स्वच्छ कापड. ओलं आहे तोवरच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल अजिबात नाही, ते तेलाचा थर मागे ठेवतं. मसाल्याच्या गाडीवर तेलकट मिरचीची भुकटी दाराच्या फटीत, बिजागरीजवळ बसलेली असते. व्हिनाइलची कड नेमकी तिथेच संपते आणि तिथूनच सुटते. केळीच्या गाडीवर चीक असतो, तोही नुसत्या पाण्याने जात नाही. सर्व्हिसिंगला गाडीवर पॉलिश मारून आणली असेल तर आयपीए दोनदा फिरवा.

आता लाल रंग. याचा व्हिनाइलच्या दर्जाशी संबंध नाही, आणि म्हणूनच कास्ट घेतलं असतं तरी तो विटलाच असता. मिरचीचा लाल म्हणजे मशीनमध्ये मॅजेंटा आणि पिवळा. आपल्या शायांत हेच दोन रंग आधी उडतात, निळा आणि काळा जास्त टिकतात. रस्त्यावरचे जुने बोर्ड निळसर दिसतात ते याचमुळे. उपाय लॅमिनेशन. वरचा पारदर्शक थर अतिनील किरणं अडवतो, धूळ आणि घासण्यापासून शाई वाचवतो. गाडीला लॅमिनेशन न करता देऊच नका, बिलात वेगळी ओळ दाखवलीत की गिऱ्हाईक ती काढायला लावतं, म्हणून भाव एकत्रच सांगा. लॅमिनेशन मात्र खालच्या मालाच्या जातीचंच हवं: कास्टवर कास्ट, पॉलिमेरिकवर पॉलिमेरिक. महाग कास्टवर स्वस्त मोनोमेरिक लॅमिनेशन चढवलं तर ते आकसताना खालच्यालाही ओढतं, आणि सगळे पैसे पाण्यात.

आणखी एक युक्ती. ब्रँडचं नाव आणि सपाट लाल पट्टे छापू नका, रंगीत कास्ट व्हिनाइल प्लॉटरवर (आकार कापणाऱ्या मशीनवर) कापून लावा. आपल्याकडे ज्याला रेडियम कटिंग म्हणतात तेच. त्यात रंगद्रव्य मालातच मिसळलेलं असतं, ते छापील लालपेक्षा कितीतरी जास्त काळ तग धरतं. फोटो आणि छटा तेवढ्या छापा.

शाईबद्दल नवीन मशीनवाल्यांची एक सवय मोडायला हवी: गडद दिसावं म्हणून शाई ओतणं. इको-सॉल्व्हंट शाईतला द्रव व्हिनाइलमध्ये मुरतो. जास्त झाला, तर तो गोंदापर्यंत उतरतो, माल मऊ होतो, कडा वळतात. प्रत्येक मालाचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्यासाठी ठरवलेलं शाईचं सेटिंग, वापरा, आणि छापल्यावर निदान २४ तास, गडद कामाला त्याहून जास्त, रोल सैल सोडून उभा ठेवा. घट्ट गुंडाळून ठेवलेला रोल वाळत नाही, फक्त दिवस जातो. नाक जवळ नेऊन वास घ्या. शाईचा तिखट वास येत असेल तर लॅमिनेटरला लावू नका. यूव्ही शाईने, म्हणजे अतिनील प्रकाशात सुकणाऱ्या शाईने, छापून आणत असाल, तर वासाची भानगड नाही, पण ती शाई कडक असते. खाचेत ताणली की तडकते. ती सपाट बोर्डांसाठी.

लावण्याची वेळ. कंपन्या साधारण १६ ते ३२ अंशांत लावा म्हणतात. आपल्याकडे मार्च ते जून याचा अर्थ पहाटे ते सकाळी नऊ, तेही शेडमध्ये, आदल्या रात्रीपासून आत उभ्या केलेल्या गाडीवर. तापलेल्या पत्र्यावर गोंद पहिल्या स्पर्शालाच पकडतो, परत उचलता येत नाही, उचलायला गेलं की माल लांबतो. आणि लांबलेला माल परत येतोच. वावटळीच्या दिवसांत शेडच्या दाराला पडदा हवा, खालची फरशी ओली करून घ्या. पावसाळ्यात गाडी धुऊन आणली असेल तर फटीतलं पाणी पूर्ण निघू द्या, हीट गन फिरवून बिजागऱ्या कोरड्या करा.

सुरुवात गाडीच्या मागून करा आणि पुढे या, म्हणजे पुढचा तुकडा मागच्यावर सेंटीमीटरभर चढतो आणि वाऱ्याला सांधा सापडत नाही. त्याच न्यायाने वरचा तुकडा खालच्यावर, पाण्यासाठी. दाराच्या अगदी धारेवर व्हिनाइल कापू नका. एकतर सेंटीमीटरभर आत वळवा, नाहीतर धारेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबा. धारेवर बरोब्बर संपलेली कड रोज दार उघडणाऱ्याच्या बोटाखाली येते. कॅलेंडर्ड माल खाचेवरून नेणं भागच असेल तर ताणू नका: खाचेच्या तळाशी ब्लेडने छेद द्या, दोन्ही बाजू वेगवेगळ्या दाबून बसवा. ब्लेड हलक्या हाताने, पत्र्याचा रंग कापलात तर पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. कास्टला छेद लागत नाही, पण त्याला शेवटची उष्णता लागते. सगळं बसवून झाल्यावर खाचा, रिव्हेट, वळवलेल्या कडा हीट गनने ९०-१०० अंशांपर्यंत तापवायच्या, हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने आकडा बघत. अंदाजाने नाही. एवढी उष्णता मिळाली की मालाला नवा आकार पक्का लक्षात राहतो. आपल्याकडचे बरेच जण हीट गन लावताना वापरतात आणि लावून झाल्यावर बंद करतात. नेमकं उलट महत्त्वाचं आहे.

काचांचं लक्षात ठेवा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली, आणि नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. वन वे व्हिजनची जाळी (बारीक भोकांचं, आतून बाहेरचं दिसू देणारं व्हिनाइल) त्यात बसत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणो, मालवाहू पिकअपच्या केबिनच्या काचेला हात लावू नका. नंबरप्लेट, दिवे, पुढची पांढरी, बाजूची पिवळी आणि मागची लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी झाकू नका. पूर्ण गाडीच रंग बदलल्यासारखी मढवायची असेल किंवा दुसऱ्याची जाहिरात लावायची असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. आरसीवर पांढरी लिहिलेली गाडी लाल झाली की नाक्यावर गाडीमालक अडतो आणि फोन तुम्हाला येतो. दुकानाच्या काचेला वन वे व्हिजन खुशाल लावा. तिथे धोका दुसरा: पश्चिमेकडच्या मोठ्या काचेवर अर्ध्या भागात गडद व्हिनाइल लावलं तर तो भाग जास्त तापतो, कड थंड राहते आणि काच तडकू शकते. फिकट रंग घ्या.

रोल ठेवण्याची जागाही बघून घ्या. आपल्याकडे माल मुंबई, सुरत, इंदूरकडून ट्रान्सपोर्टने येतो, वाटेत गोदामात पडून राहतो. व्हिनाइलला वापराची मुदत असते, साधारण वर्ष-दोन वर्षं, तीही थंड कोरड्या जागेत. पत्र्याच्या शेडमध्ये मे काढलेला रोल नवा असून जुना झालेला असतो. रोल उभा किंवा टांगून, खोक्यातच, मशीनच्या खोलीत ठेवा. उरलेले तुकडे मागच्या बाजूला पेटवू नका. पीव्हीसीचा धूर आम्लाचा असतो, छातीलाही वाईट आणि शेजारच्या मशीनच्या पत्र्यालाही.

तुमच्या मसालेवाल्याकडे परत येऊ. जुनं व्हिनाइल आत्ताच काढा, आणखी एक उन्हाळा गेला तर ते निघणार नाही. सकाळच्या वेळी हीट गनने कोमट करा, कोपरा सोडवा आणि सरळ बाहेर न ओढता, बॉडीला समांतर, मागे दुमडून हळू ओढा. राहिलेला गोंद संत्र्याच्या सालीच्या तेलाच्या क्लीनरने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढा, नंतर साबणपाणी आणि आयपीए. डीलरला कडेचा फोटो आणि लॉट नंबर पाठवा. पाच वर्षं लिहून मोनोमेरिक विकलं असेल तर निदान रोलचे पैसे तरी वळते करून मागा. नव्या कामात खाचांचा भाग मोकळा सोडा, मधल्या सपाट पट्ट्यात पॉलिमेरिक आणि त्याच्यावर पॉलिमेरिक लॅमिनेशन, नाव आणि मिरचीचं चित्र लाल कास्टमधून कापून. मालक म्हणेल, पूर्ण गाडी भरून द्या, मागच्या भावातच. तेव्हा त्याला गच्चीवरचा एसीपीचा तुकडा दाखवा, आणि पूर्ण गाडी भरायचीच असेल तर कास्टचा भाव सांगा. बिलावर मालाचं नाव, लॅमिनेशनचं नाव आणि लावल्याची तारीख लिहून द्या, बोनेट आणि टपाची हमी वेगळी, कमी.